वाटणीची आंघोळ

जुळ्यांच्या होणाऱ्या आईबाबांच्या वर्गात नर्सबाईंनी प्रत्येक जोडप्याला दुपट्यात गुंडाळलेल्या दोन सारख्या बाहुल्या दिल्या. आंघोळ बाबांनी घालायची होती.

"याला साधा कप विसळता येत नाही," एकाच्या बायकोनं आधीच जाहीर करून टाकलं.

मग काय! गड्यानं बाह्या सरसावल्या, सगळ्यांच्या आधी दोन आंघोळी उरकल्या आणि दोघींना पुन्हा गुंडाळून ऐटीत उभा राहिला.

नर्सबाईंनी दुपटी सोडली. एक बाहुली निथळत होती, दुसरी कोरडी ठणठणीत. वर्ग खो खो हसला. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"मनाला लावून घेऊ नका हो," नर्सबाई हळूच म्हणाल्या,


"माझी जुळी बहीण अजून भांडते, 'बाबांनी माझ्या वाटणीची आंघोळही तुलाच घातली!'"