थ्रीडीचा चष्मा

इचलकरंजीच्या टॉकीजमध्ये पहिला थ्रीडी सिनेमा लागला, तेव्हा ऑपरेटर भालचंद्रच्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता. मशीनवरची नवी लेन्स त्याने स्वतः बसवली होती. दुपारच्या खेळाला त्याने बायकोला, शैलाला, मुद्दाम मधल्या रांगेत बसवलं आणि केबिनच्या झरोक्यातून तिच्याकडे बघत राहिला.

पडद्यावरून बाण सुटला. अख्खं थिएटर किंचाळत खाली वाकलं. शैला एकटीच ताठ बसून होती.

"आवडला नाही का गं?" खेळ सुटल्यावर त्याने हिरमुसून विचारलं.

तिचे डोळे भरून आले. "अहो, मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. लहानपणी गोवर आला, तेव्हापासून. तुम्ही बघायला आलात तेव्हा मामांनी सांगू दिलं नाही. आता तुम्ही मला माहेरी धाडलंत तरी..."

थ्रीडीला दोन्ही डोळे लागतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिला घरी सोडून तो पुढच्या खेळासाठी टॉकीजवर परतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मशीन जोडीदाराकडे सोपवलं आणि शैलाला घेऊन तो प्रेक्षकांत बसला. चष्मा चढवला, डावा डोळा तळहाताने झाकला आणि मध्यंतरापर्यंत हात खाली घेतला नाही.

"अंगावर काही येत नाही हे खरंय," दिवे लागल्यावर तो म्हणाला, "पण गाणी झकास आहेत. रविवारी परत येऊ."

शैलाने डोळे पुसले. मग महिन्याभरात पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे काहीतरी मागितलं.

"बटाटेवडा आणाल?"