हद्दीचा दगड

हद्दीच्या दगडापलीकडे एक पाऊल टाकताच शेवंताच्या तळहातावरच्या अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या. ती एक पाऊल मागे आली, तेव्हा शाळेचा पत्ता पुन्हा वाचता आला.

"लिहून आणलास होय? अगं येडे, तिकडे वाचणार कोण?" तिचे वडील हसले.

तिची अभियंत्याची पदवी, अगदी अक्षरओळखसुद्धा, कानामागच्या चकतीत होती. जिल्ह्याने ती एका दिवसात, फुकट बसवली होती. शिकलेल्यांनी जिल्ह्याचीच भरभराट करावी, म्हणून चकती हद्दीबाहेर चालत नसे. भरभराट झालीही होती. पलीकडच्या शाळेत मात्र पुस्तकातून, सावकाश शिकवत आणि ते कुठेही गेलं तरी डोक्यात राही. तीन वर्षं दर सुट्टीला शेवंता या दगडापर्यंत येऊन परत जात होती.

"इथे अख्खं पंपघर चालवतेस. तिकडे पहिलीच्या पोरांत बसशील," वडील म्हणाले.

"मी गेले तर पंपघर?"

"त्याचं काय? दुसरीला चकती बसवतील."

शेवंता गोंधळली. मग इतकी वर्षं पंपघर चालवलं कुणी, तिने की चकतीने?

ती पाच पावलं पुढे गेली. हातावर पुन्हा नुसत्या रेघा होत्या.

"आबा, पत्ता विचारत जाईन," ती म्हणाली. "मी पहिलीत बसते."