गर्शोमच्या गाडीचा पिकअप

"नीट धरलंस ना?" गर्शोमने मागे न बघताच विचारलं.

एस्सी काही बोलली नाही. शुक्रवारपासून ती त्याच्याशी बोलतच नव्हती. त्याने अंगठ्याने थ्रॉटल दाबला. इंजिन केकाटलं, गाडी जागच्या जागी थरथरली आणि मग अशी सुटली की त्याची मान मागे हिसडली.

"बघ!" तो वाऱ्यात ओरडला. "याला म्हणतात पिकअप!"

खरं तर तो बायकोला कायमचं सोडायला निघाला होता. एस्सी मुंबईला परत चालली होती, भायखळ्याला, आईकडे. वादळाने कॅनडातल्या क्युबेकमधलं त्यांचं गाव बर्फाखाली गाडलं होतं. बस बंद, रस्ते बंद. मॉन्ट्रियलची आगगाडी तेवढी येणार होती. स्टेशनवर पोचायला एकच वाहन उरलं होतं, आणि ते म्हणजे जिच्यापायी एस्सी घर सोडून चालली होती तीच बर्फावर धावणारी स्नोमोबाइल.

परळच्या रेल्वे वर्कशॉपातला फिटर गर्शोम कागदाच्या गिरणीत नोकरी धरून इथे आला, तिसऱ्या हिवाळ्यात त्याने ही गाडी जुनी घेतली. तिला एक खोड होती. थ्रॉटल दाबला की ती आधी विचार करायची, मग निघायची. दोष क्लचमध्ये होता. आतली स्प्रिंग आणि वजनं जुळली तर पट्टा वेळेवर पकडेल, इंजिनाची सगळी ताकद खाली उतरेल, असं गर्शोमचं म्हणणं. ती काही जुळेनात. क्लचची चाकं एस्सीच्या कणकेच्या परातीत आली. वजनं कानशीने घासली, त्याचा कीस तांदळात सापडला. जेवताना क्लच, झोपताना क्लच. सगळ्या गावात एस्सीशी मराठी बोलणारा हा एकच माणूस, आणि त्याच्या मराठीत दुसरा शब्द उरला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी, ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे शब्बाथच्या मेणबत्त्या लावण्याआधी तिने ओव्हन उघडला. कोंबडीशेजारी रबरी पट्टा शेकत पडला होता.

"गारठला की नीट पकडत नाही गं," गर्शोम म्हणाला.

शनिवारी रात्री शब्बाथचा विसावा संपल्यावर तिने बॅग भरली. आणि आज सकाळी, ती कोट घालत असताना, याने स्प्रिंग पुन्हा एकदा बदलली होती.

गाडी गोठलेल्या तळ्यावर उतरली. मग गर्शोमला पाठीवर भार जाणवला. एस्सी टेकली होती! रागाने तिने निघताना त्याच्या कमरेला हातसुद्धा घातला नव्हता.

"एस्सी, ऐक," तो समोर बघत म्हणाला. "गिरणीत माझ्या इंग्लिशला हसतात. फ्रेंचला तर विचारूच नकोस. हे एक यंत्र तेवढं माझं ऐकेल असं वाटलं. तेही ऐकेना, म्हणून हट्टाला पेटलो. तू एकटी पडलीस ते मला दिसत होतं. दिसत होतं, म्हणून तर मान खाली घालून बसायचो. विकतो ही गाडी. मॉन्ट्रियलला जाऊ, आपली चार माणसं आहेत तिथे. तू नसलीस तर त्या घरात मी जाऊन काय करू?"

ती गप्प होती. पण भार आणखी जवळ सरकला. गर्शोम हेल्मेटच्या आत रडला. लग्नाला नऊ वर्षं झाली, एवढं तो एका दमात कधी बोलला नव्हता, आणि एवढं तिने कधी ऐकूनही घेतलं नव्हतं.

स्टेशनच्या फलाटाशी त्याने गाडी थांबवली. दारात उभा असलेला स्टेशनमास्तर त्याच्या मागे बघत राहिला.

"मादाम कुठे आहे?" त्याने विचारलं.

गर्शोम वळला. त्याच्या पाठीला एस्सीची बॅग टेकली होती. मागे बांधलेला दोर सैल होऊन बॅग रिकाम्या सीटवरून पुढे सरकत आली होती.

मग तो ज्या वेगाने परत फिरला, त्या वेगाने त्या तळ्यावरून कुणी गेलं नसेल. बर्फाचा प्रत्येक ढिगारा त्याला एस्सीएवढा दिसत होता. दोनदा उतरून त्याने हातांनी बर्फ उकरला. स्प्रिंग कडक झाली, पिकअप नको इतका आला, गाडीने तिला फेकून दिलं. आपणच बायको मारली. आणि या सगळ्याच्या तळाशी, स्वतःचीच लाज वाटावी असा एक बारीक विचार होता: म्हणजे शेवटी क्लच जुळला.

घराच्या चिमणीतून धूर येत होता. एस्सी स्वयंपाकघरात कोट घालूनच परात घासत होती.

"लागलं का गं?" तो दारातच गुडघ्यांवर बसला. "चूक माझी. स्प्रिंग फार कडक झाली. फेकलं ना तिने तुला?"

एस्सीने शुक्रवारनंतर पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं.

"कुठलं फेकतेय," ती म्हणाली. "तुम्ही दाबलंत, ती आपली नेहमीसारखी विचार करत बसली. तेवढ्यात मीही केला, आणि उतरले."