पहिला नियम

"पहिला नियम," शिवणवाली म्हणाली, "मूल शाळेत का जात नाही, असं इथे कुणी कुणाला विचारायचं नाही."

चक्क टाळ्या पडल्या. जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एका गृहस्थांनी तर "वा! वा!" म्हणत मांडीवर थाप मारली. त्या एका प्रश्नाने सगळ्यांचेच कान किटले होते. नणंद विचारते, शेजारीण विचारते, पेपर टाकणारासुद्धा जाता जाता विचारतो. शिवणवालीकडे माप द्यायला आलेल्या बायका हात वर केलेल्या अवस्थेतच विचारत, "पोरगी घरीच असते का हो? काय झालंय तिला?"

काही झालं नव्हतं. भिंगरी घरी शिकत होती, एवढंच. पण एवढ्यात ती शिलाई मशीनशी गप्पा मारायला लागली होती आणि आईने त्याची धास्ती घेतली होती. पोरीला चार सवंगडी हवेत म्हणून तिने घरोघरी जाऊन, फोनाफोनी करून, घरी शिकवणारी ही मोजकी कुटुंबं गोळा केली होती. आज मशीन कोपऱ्यात सरकवलं होतं, कात्र्या फळीवर गेल्या होत्या आणि कापड बेतायच्या टेबलावर चहाचे कप मांडले होते. हे मंडळ उभं राहिलं नाही, तर भिंगरीला पुन्हा मशीनच.

"जागेची काळजी सोडा," कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला. मृदू बोलण्याचा, अडीअडचणीला दुकान उघडून देणारा माणूस. "माझ्या दुकानावरची खोली रिकामीच आहे. दर शनिवारी आपल्या मंडळाची."

शिवणवालीचा जीव भांड्यात पडला. देव माणूस, तिच्या मनात आलं.

"आणि पोरं बघा," चष्मेवाले म्हणाले. "आत काय खेळतायत माहितीये? शाळा-शाळा! एवढा खटाटोप करून शाळेपासून लांब ठेवलं, तर ही बोंब!"

सगळे खो खो हसले. हसणं थांबल्यावर शिवणवालीच्या लक्षात आलं, की आतून आवाजच येत नाहीये. घरात एवढी पोरं आणि चिडीचूप? तिने पाण्याचा तांब्या उचलला आणि ती आत गेली.

मुलं भिंतीकडे तोंड करून ओळीत उभी होती. हात वर. औषधवाल्याची मुलगी खुर्चीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर शिवणवालीची लाकडी पट्टी होती. ती ओरडत नव्हती, दटावत नव्हती. अगदी हळू, समजावल्यासारखं बोलत होती.

"हात खाली आला, की परत पहिल्यापासून. पाणी नंतर. रडलं, की दिवा बंद."

बाहेर मंडळात बसलेल्या नर्सबाईंचा लहानगा ओठ घट्ट मिटून उभा होता. एरवी एका जागी न ठरणारी भिंगरी ताठच्या ताठ.

"असं खेळायला कुणी शिकवलं गं तुला?" शिवणवालीने विचारलं.

"शाळेत असंच असतं."

"कुठल्या शाळेत होतीस?"

"मी नाही गेले कधी," मुलगी म्हणाली.

शिवणवालीची नजर तिच्या फ्रॉकवर गेली. कुणालाही बघितलं, की ती आधी कपड्यांवरच जायची. फ्रॉक आखूड झाला होता, पण त्याची खालची घडी कुणी उसवली नव्हती. बाह्यांना मात्र खाली वेगळ्या कापडाची पट्टी जोडली होती, हाताने, धावदोरा घालून. पोर वाढते ती काय नुसती हातांनी वाढते? आणि एवढ्या उकाड्यात लांब बाह्या? तिने बाहीला हात लावला तसा मुलीने हात मागे घेतला.

"चला बाळा, निघायचं." औषधवाला दारात उभा होता.

मुलीने पट्टी खाली ठेवली, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर नेले. बाह्या जराही सरकल्या नाहीत. सरकू नयेत म्हणूनच त्या तेवढ्या लांब केल्या होत्या.

"नाटकी आहे नुसती," औषधवाला हसला. त्याने तिचे हात हलकेच खाली घेतले आणि तिला बाहेर नेलं.

शिवणवाली त्यांच्यामागून धावल्यासारखी बाहेरच्या खोलीत आली. "अहो, पण ही का..."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"ताई, ताई! पहिला नियम!" चष्मेवाल्यांनी बोट नाचवलं. हशा पिकला. औषधवालाही मनापासून हसला. दिवसभर माणसांची अंगं तपासणाऱ्या नर्सबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या आपल्या रिकाम्या कपाच्या तळाकडे बघत बसल्या होत्या.

खोली त्याची. मंडळ आजच उभं राहिलेलं. शिवणवालीही हसली. स्वतःच्या त्या हसण्याची तिला किळस आली, पण ती हसली.

"या हं पुढच्या शनिवारी," ती म्हणाली.

"येऊ की," औषधवाला म्हणाला.

एकेक करून सगळे गेले. ज्याने त्याने आपापल्या पोरांना बाहेरूनच हाक मारून नेलं. कप गोळा करून शिवणवाली आत आली, तर भिंगरी अजून भिंतीकडे तोंड करून उभी होती. हात तसेच वर.

"अगं बाई, खेळ संपला. हात खाली घे."

"तिने अजून 'सुट्टी' म्हटलं नाही."

"कधी म्हणणार होती?"

"मी विचारलं होतं," भिंगरी भिंतीशीच बोलावं तसं म्हणाली. "ती म्हणाली, विचारायचं नसतं."