पहिल्या अक्षरावरचा जोर

"सी-नास-आ-पल-सप," संत्र्याच्या रसाच्या पेल्यावर चमच्याने ठेका धरत मृण्मयीने त्या रसाचं डच नाव म्हटलं, आणि सगळा जोर तिने शेवटच्या 'सप'वर टाकला. पक्षाघाताने वाचा गेलेली तिची डच सासू उशीला टेकून नुसती बघत होती.

"अगं, जोर पहिल्या 'सी'वर," नवरा कुजबुजला.

"ठाऊक आहे मला. पण सुनेची चूक ऐकून गप्प बसेल ती सासू कसली?"

तिने पुन्हा तसंच म्हटलं. म्हातारीच्या कपाळाला आठी पडली. आणखी एकदा म्हणताच सासूने धडधाकट हात उचलून गादीवर आपटला.

"सी," ती म्हणाली. मग जात्यातून पीठ झरावं तसे बाकीचे तुकडे हळूहळू उतरले, "नास... आ... पल... सप."

नवऱ्याला हुंदका फुटला. मृण्मयीने पेला सासूच्या ओठांशी नेला.

"आता उभा जन्म टोकत राहा, आई."