हा नव्हे!
नेपाळमधल्या बुटवलच्या चौकात संत्री विकणाऱ्या धनमायाने धडकेच्या आवाजाने मान वर केली. रस्त्यात एक म्हातारा पडला होता आणि लाल मोटारसायकल वळणाआड पळाली. लगेचच तिकडून एक लाल मोटारसायकल आली. तिच्यावरच्या तरुणाने उतरून आपला मफलर म्हाताऱ्याच्या जखमेवर दाबला. “हाच तो!” जमाव त्याच्यावर तुटून पडला. तोच की दुसरा? धनमायाला कळेना. पण मार खाऊन तरुण मरेल, या भीतीने ती मध्ये घुसली. “सोडा! मी पाहिलंय, हा नव्हे!” “नक्की ना, दिदी?” “नक्की.” हात थांबले. म्हाताऱ्याला रिक्षात चढवताना तरुण तिच्या कानाशी पुटपुटला, “मीच होतो. पळालो, पण राहवेना.” तेवढ्यात हवालदार आला. “कुणी पाहिलं?” सगळ्यांनी धनमायाकडे बोट दाखवलं. “आधी दवाखाना गाठू द्या, दाजू,” असं हवालदाराला म्हणत ती तरुणाला घेऊन रिक्षात चढली. तिथे हवालदाराला काय सांगायचं, ते तिला सुचेना.