चंदनाचा हार

रंगमंदिराच्या भिंतीवर आपला फोटो पाहून अंबूताई हरखल्या. एकेकाळी इथे त्यांच्या गाण्याला सारं गाव वन्समोअर द्यायचं. रंगमंदिराच्या शताब्दीला तरी कुणाला आठवण झाली! मग फोटोवरचा चंदनाचा हार दिसला.

त्यांनी सचिवांना गाठलं. "अहो, मी जिवंत आहे!"

"चूक झाली खरी, ताई. पण मंत्री येऊन बसलेत, आता कुठे बोभाटा करता? आजचा दिवस निभावून न्या." असं म्हणून सचिवांनी त्यांना शेवटच्या रांगेत बसवलं.

तिसरी घंटा झाली, पडदा उघडला. "थोर गायिका कैलासवासी अंबूताईंना श्रद्धांजली!"

सगळं सभागृह उठून स्तब्ध उभं राहिलं. सवयीनं अंबूताईही उठल्या. पण राहवेना. "अहो, मी इथे आहे..."

शेजारचा रसिक खेकसला, "श्श! निदान गेलेल्या माणसाचा तरी मान ठेवा, आजी!"